मदत हवी आहे: युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये नर्सरीचा आणि सुट्टीतील क्लबचा खर्च कसा मोजावा?

नमस्कार. आम्ही इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्स येथे राहतो. गेल्या वर्षी आम्हा दोघांना येथे कायम राहण्याची परवानगी मिळाली आणि व्हिसावरील सरकारी निधीची बंदी उठली, तेव्हापासून आम्हाला युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना दर महिन्याला मिळणारी सरकारी मदत, मिळते. माझे पती एका गोदामात पूर्णवेळ काम करतात. मी येत्या जानेवारीपासून एका औषधांच्या दुकानात आठवड्याचे तीन दिवस, एकूण २४ तास, कामाला लागणार आहे. धाकटी तीन वर्षांची आहे, तिला त्या तीन दिवशी नर्सरीत ठेवावे लागेल. थोरला सात वर्षांचा असून त्याच्यासाठी शाळेनेच शाळेच्या आवारात चालवलेला संध्याकाळचा क्लब आणि सुट्टीत हॉलिडे क्लब पाहिला आहे. उन्हाळ्यात सासूबाई कोल्हापूरहून येतात, परंतु घरी नातेवाइकांनी मुले सांभाळली तर ते या खर्चात धरले जात नाही, हे मला ठाऊक आहे.

मी केलेला हिशेब असा. २०२५-२६ च्या दरांप्रमाणे जोडप्याचा मूळ भत्ता ६२८.१० पौंड, दोन मुलांचे प्रत्येकी २९२.८१ पौंड आणि आमच्या खात्यात मान्य झालेले घरभाडे ७०० पौंड, मिळून १,९१३.७२ पौंड होतात. दोघांचा हातात येणारा पगार महिन्याला साधारण २,९५० पौंड असेल. त्यातून घरभाडे घेणाऱ्यांना लागू असलेली ४११ पौंडांची सवलत वजा केली आणि उरलेल्याचे ५५ टक्के काढले, तर १,३९६.४५ पौंड कापले जातील आणि सुमारे ५१७ पौंड हातात राहतील. नर्सरी आणि क्लबच्या खर्चाचे ८५ टक्के याच्या वर मिळतील, असे मला वाटते. ते बरोबर असेल तर शंभर पौंडांमागे फक्त वीस पौंड देणाऱ्या टॅक्स-फ्री चाइल्डकेअर या दुसऱ्या सरकारी योजनेचा विचारच करायला नको. दोन्ही एकाच वेळी घेता येत नाहीत, एवढे मी वाचले आहे.

अडचण पुढे आहे. येथे बरीच वर्षे राहिलेल्या एका ओळखीच्या ताईंनी सांगितले की, वर्षभराचा अंदाजे खर्च काढून त्याला ५२ ने भागावे आणि ती सरासरी कळवावी, म्हणजे सुट्ट्यांची वेगळी काळजी करावी लागत नाही. युनिव्हर्सल क्रेडिटच्या संकेतस्थळावर मात्र दर महिन्याचा प्रत्यक्ष दिलेला खर्च मागतात. दुसरे असे की, धाकटीला आठवड्याला ३० फंडेड तास, म्हणजे सरकारी खर्चाने नर्सरीचे तास, मिळतील, ते शाळेच्या सत्रातील ३८ आठवड्यांत वापरावेत की वर्षभर पसरून घ्यावेत, हे नर्सरीने आम्हालाच ठरवायला सांगितले आहे. तिसरा प्रश्न हॉलिडे क्लबचा. २७ जुलै ते २१ ऑगस्ट या चार आठवड्यांचे ४२० पौंड होतात. मेअखेर पैसे भरल्यास दहा टक्के सूट आहे. आमचा असेसमेंट पिरियड, म्हणजे मदतीची रक्कम ठरवण्यासाठी धरला जाणारा महिना, दर महिन्याच्या १० तारखेपासून पुढच्या महिन्याच्या ९ तारखेपर्यंत असतो. मे महिन्यात भरलेले पैसे ऑगस्टच्या खर्चात धरले जातील का? आणि जानेवारीत पगार हाती येण्यापूर्वीच नर्सरीचे पहिले बिल येणार आहे, त्याचे काय करावे? जास्त रक्कम मिळाली आणि नंतर परत करावी लागली, असे होऊ नये, म्हणून आधीच विचारते आहे.

प्रतिसाद

ताई, आपला मूळ हिशेब बरोबर आहे. क्लब शाळा स्वतः चालवत असल्याने तोही चालेल. नर्सरी आणि हॉलिडे क्लब यांची ऑफस्टेड या सरकारी तपासणी संस्थेकडे नोंदणी आहे ना, एवढे मात्र पाहून घ्यावे. २०२५-२६ च्या दरांप्रमाणे दोन किंवा अधिक मुलांसाठी महिन्याला जास्तीत जास्त १,७६८.९४ पौंड मिळतात, म्हणजे त्या दरांनी महिन्याचा खर्च साधारण २,०८१ पौंडांच्या आत असेपर्यंत आपल्याला पूर्ण ८५ टक्के मिळतील. हे दर दरवर्षी एप्रिलमध्ये बदलतात.

५२ आठवड्यांच्या सरासरीची पद्धत टॅक्स क्रेडिट या जुन्या सरकारी मदतीची होती. ते ५ एप्रिल २०२५ रोजी बंद झाले. त्या ताईंनी आपुलकीने सांगितले असेल, पण युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये सरासरी कळवली तर सत्राच्या महिन्यांत जास्त आणि सुट्टीत कमी रक्कम मिळेल, आणि जास्तीची रक्कम नंतर वसूल केली जाईल. प्रत्यक्ष दिलेली रक्कमच पावतीसह कळवावी, आणि ज्या असेसमेंट पिरियडमध्ये पैसे दिले त्याच्या पुढचा पिरियड संपण्याच्या आत कळवावी.

फंडेड तासांबाबत माझे मत वर्षभर पसरून घेण्याकडे आहे. ३८ आठवड्यांचे ३० तास म्हणजे वर्षाला १,१४० तास. मुलगी दिवसाला दहा तास, आठवड्याला ३० तास, असे वर्षभर राहिली तर १,५६० तास होतात, म्हणजे ४२० तासांचे पैसे दोन्ही पर्यायांत आपल्याला द्यावेच लागतात. नर्सरीचा दर तासाला सात पौंड धरला तर ते २,९४० पौंड होतात. त्याचे ८५ टक्के दोन्हीकडे सारखेच मिळतील, परंतु पसरून घेतल्यास महिन्याला २४५ पौंड भरावे लागतील, आणि सत्रापुरते घेतल्यास एकट्या ऑगस्टमध्ये चार आठवड्यांचे ८४० पौंड. ही मदत आधी पैसे भरल्यावरच मिळते, त्यामुळे त्याच उन्हाळ्यात हॉलिडे क्लबचेही पैसे भरायचे असताना एवढी रक्कम उभी करणे जड जाईल.

आता सूट. एखाद्या पिरियडमधील सांभाळाचे पैसे त्याच पिरियडमध्ये किंवा त्याच्या लगतच्या आधीच्या दोन पिरियडमध्ये दिलेले असतील तरच आगाऊ रक्कम म्हणून धरले जातात, आणि आगाऊ रक्कम दिवसांच्या प्रमाणात विभागली जाते. मेअखेर भरलेले पैसे १० मे ते ९ जून या पिरियडमध्ये येतात. क्लबचे पहिले दोन आठवडे १० जुलै ते ९ ऑगस्ट या पिरियडमध्ये आहेत, ते चालतील. शेवटचे दोन आठवडे १० ऑगस्टपासूनच्या पिरियडमध्ये जातात, तेथून मोजल्यास मेचा पिरियड मागे तिसरा ठरतो, म्हणून त्यांचे काहीच मिळणार नाही. सवलतीत एकदम ३७८ पौंड भरले तर आपल्या खिशातून अखेर २१७.३५ पौंड जातील, तर सवलत सोडून १० जूननंतर पूर्ण ४२० भरले तर फक्त ६३ पौंड. त्याहून चांगले म्हणजे क्लबला दोन वेगळी बुकिंग करून मागावीत. पहिल्या दोन आठवड्यांचे १८९ पौंड मेमध्ये सवलतीने आणि उरलेल्या दोन आठवड्यांचे २१० पौंड १० जूननंतर भरावेत, दोन पावत्या घ्याव्यात, म्हणजे अखेरचा भार ५९.८५ पौंडांवर येतो.

जानेवारीच्या पहिल्या बिलासाठी आताच युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यातील जर्नलमध्ये वर्क कोचना, म्हणजे आपल्या सरकारी रोजगार सल्लागारांना, लिहून फ्लेक्झिबल सपोर्ट फंड या सरकारी निधीची मागणी करावी. नोकरी सुरू करणाऱ्या पालकांचा सांभाळाचा पहिला खर्च त्यातून देता येतो आणि तो परत करावा लागत नाही. मंजुरी त्यांच्या निर्णयावर असते, म्हणून नोकरीचे पत्र आणि नर्सरीचे लेखी बिल सोबत जोडावे. नोकरी चालू किंवा पुढच्या पिरियडमध्ये सुरू होणार असेल तर आधी मुलीला नर्सरीची सवय लावण्यासाठी दिलेले पैसेही खर्चात धरता येतात.

एक गोष्ट विशेष जपावी. ३० फंडेड तासांसाठी नर्सरीला द्यायचा कोड आणि टॅक्स-फ्री चाइल्डकेअर यांचा ऑनलाइन अर्ज एकच आहे. तेथे फक्त फंडेड तास निवडावेत, कारण टॅक्स-फ्री चाइल्डकेअर घेतले तर आपल्याला युनिव्हर्सल क्रेडिट घरभाड्यासह सोडावे लागेल. जानेवारीच्या सत्रासाठी कोड ३१ डिसेंबरपर्यंत हाती असावा लागतो, आणि पुढे दर तीन महिन्यांनी तो पुन्हा पक्का करावा लागतो. अर्ज भरताना कोठे अडल्यास येथेच विचारावे.