शब्दचर्चा: 'डिव्होशन' या तैवानी गेमच्या नावाला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: तैपेईच्या रेड कँडल गेम्सचा 'डिव्होशन' हा भयगेम खेळले. त्यावर मराठीत लिहायचं आहे. इंग्रजी नावावरून 'भक्ती' सुचलं, पण मूळ चिनी नाव 'ह्वानयुआन' आहे म्हणे. त्याचा नेमका अर्थ काय? आणि 'चीनने यावर बंदी घातली' असं लिहिलं तर चालेल का?

उत्तर: 'भक्ती' अजिबात नको. 'ह्वान' म्हणजे परत करणं, चुकतं करणं. उसने पैसे परत करण्यालाही हेच क्रियापद. 'युआन' म्हणजे देवापुढे मागितलेली इच्छा. मराठीत कर्जही फेडतात आणि नवसही फेडतात, त्यामुळे 'नवसफेड' हा शब्द आपल्याकडे तयारच आहे. इंग्रजीला तो मिळाला नाही, आपण का सोडावा?

आणि कथाही तीच आहे (ज्यांना खेळायचा आहे त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा). १९८० च्या दशकातलं तैपेईतलं एक छोटं घर. बाप पटकथालेखक, पण काम मिळेनासं झालेलं. आई संसारासाठी गाणं सोडलेली गायिका. मुलगी मेइशिन आजारी. बाप डॉक्टरांचं ऐकत नाही, 'त्सगू क्वानयिन' देवीच्या नावाने पंथ चालवणाऱ्या बाईच्या नादी लागतो. तिच्या सांगण्यावरून तो पोरीला दारूने भरलेल्या टबात ठेवतो. नवस बापाचा, फेडते मुलगी. याच घरात बापलेकीने मिळून घडी घातलेली कागदी ट्युलिपची फुलंही दिसतात, म्हणून ते जास्तच लागतं. 'भक्ती' म्हटलं की हा देण्याघेण्याचा हिशेब पुसला जातो. त्या बाईसाठी इंग्रजीत 'मेंटर' आहे; तिथे 'मार्गदर्शक' लिहू नका, 'गुरुमाई' लिहा.

आणखी एक: गेमवरून चीनमध्ये झालेल्या वादाबद्दल लिहिताना 'ताईत' शब्द जपून वापरा. ताईत गळ्यात किंवा दंडात बांधतात. ज्यावरून वाद झाला तो गेममधला मंत्राचा कागद भिंतीवर चिकटवलेला आहे. 'मंतरलेला कागद' म्हणा. त्यावरच्या लाल शिक्क्यात, शिक्क्यांसाठी वापरतात त्या जुन्या वळणाच्या चिनी लिपीत, चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग यांचं नाव आणि 'विनी द पू' हे शब्द होते. विनी हे कार्टूनमधलं अस्वल; त्यावरून शी यांची टर उडवली जाते आणि चीनमध्ये ते उल्लेख कापले जातात. गेम १९ फेब्रुवारी २०१९ ला आला आणि दोन-तीन दिवसांत हा शिक्का खेळाडूंनी वाचला. तात्पुरतं टाकलेलं चित्र चुकून राहिलं, असं कंपनीने सांगितलं, माफी मागितली, चित्रही बदललं. तरी स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानावर वाईट शेऱ्यांचा भडिमार झाला. 'रिव्ह्यू बॉम्बिंग'ला 'शेऱ्यांचा भडिमार' पुरेसं आहे.

'बंदी'बद्दल: सरसकट लिहू नका, कारण त्या एका शब्दाने कोणी काय केलं हेच झाकलं जातं. आधी स्टीमच्या चीनमधल्या यादीतून गेम गेला. मग फेब्रुवारी संपायच्या आत कंपनीनेच तो जगभरातून काढून घेतला. त्याला 'मागे घेतला' म्हणा. चीनमधल्या प्रकाशक कंपनीचा परवाना सरकारने रद्द केला, तिथे 'कारवाई' बरोबर. डिसेंबर २०२० मध्ये जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन गेम-दुकानाने गेम विकायला ठेवणार असल्याचं जाहीर केलं आणि काही तासांत शब्द फिरवला; कारण दिलं, 'अनेक गेमर्सचे संदेश आले'. याला बंदी म्हणणं म्हणजे दुकानाची जबाबदारी सरकारच्या अंगावर टाकणं. मी 'कच खाल्ली' असं लिहीन.

आणि 'कायमचा गायब' हेही लिहू नका. विक्री बंद असताना २०२० मध्ये हार्वर्ड-येनचिंग ग्रंथालयाने तो आपल्या संग्रहात घेतला, आणि मार्च २०२१ पासून रेड कँडल स्वतःच्या संकेतस्थळावरून तो विकते आहे.