सल्ला हवा: आईच्या एंडोस्कोपीत ३ सेमी हायटस हर्निया निघालाय. पट्टा, पलंग, गोळ्या, ऑपरेशन?

घोडबंदरकर
आई, वय ५८. रिपोर्टमध्ये '३ सेमी स्लायडिंग हायटस हर्निया, एलए ग्रेड बी' असं लिहिलंय. आम्ल कमी करणारी पॅन्टोप्राझोल ४० ही गोळी आठ आठवडे दिलीय. बीपीची अमलोडिपिन चालू आहे, गुडघ्यांसाठी मधूनमधून पेनकिलर घेते. शेजारच्या काकू हर्नियाचा पट्टा आणा म्हणतात. पलंगाच्या डोक्याकडे विटा लावायला सांगितल्यात, पण आमचा पलंग हायड्रॉलिक स्टोरेजवाला, त्याला पायच नाहीत. बाबा नऊला घरी येतात, जेवणं त्यानंतर. ऑपरेशन लागेलच का?

पोटोबा
पट्टा आणू नका. तो बेंबीच्या किंवा जांघेतल्या हर्नियासाठी. इथे पोटाच्या भिंतीला काही झालेलं नाही, श्वासपटलातली (छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्यातली) वाट सैल झालीय. त्या वाटेने अन्ननलिका पोटात उतरते आणि आता त्याच वाटेने जठराचा वरचा भाग छातीत सरकतोय. अन्ननलिकेच्या तळाची झडप आणि श्वासपटल एरवी एकाच जागी असतात, दोघं मिळून तोंड आवळून धरतात. हर्नियात झडप वर जाते, पटल खालीच राहतं आणि मधल्या पिशवीत आम्ल साचतं. आडवं झालं की तेच घशाशी येतं. पोटावर पट्टा आवळाल तर खालून दाब वाढून उलट जास्त वर ढकललं जाईल. परकराची करकचून बांधलेली नाडीही तेच करते.

स्लायडिंग हा नेहमीचा प्रकार, शंभरात पंचाण्णवांना हाच असतो. एलए ग्रेड म्हणजे आम्लाने अन्ननलिकेच्या अस्तराला किती इजा झालीय त्याची पायरी, ए ते डी अशी चढत जाते. बी म्हणजे अस्तरावर ५ मिमीपेक्षा लांब ओरखडे, पण एका घडीपासून दुसरीपर्यंत न पसरलेले. घाबरण्यासारखं नाही, पण कोर्स अर्धवट सोडण्यासारखंही नाही.

गोळी_वेळेवर
गोळी सकाळी उठल्यावर, रिकाम्या पोटी, मग ३० ते ६० मिनिटांनी नाश्ता. चहा-बिस्किटही त्यानंतरच. आम्लाचे पंप खाण्याने चालू होतात आणि गोळी फक्त चालू पंप बंद करते. जेवणानंतर घेतलेली बरीचशी वाया जाते. 'गोळी लागू पडत नाही' म्हणणाऱ्यांना आधी वेळ विचारावी. चावायची किंवा कुटायची नाही, वरचं आवरण तुटलं की जठरातच नासते.

आठ आठवड्यांनी एकदम बंद केली तर काही दिवस आम्ल उसळतं आणि लोकांना वाटतं आजार परतला. डॉक्टरांना विचारून कमी करत आणा. 'डी' लावलेली जोडगोळी मनाने सुरू करू नका, त्यातल्या डॉम्पेरिडोनचा काहींच्या हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो.

पेनकिलरचं आधी बघा. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या गोळ्या अस्तर सोलतात. पॅरासिटामॉलवर भागेल का विचारा. अमलोडिपिनने ती झडप थोडी सैल पडू शकते. स्वतःहून बंद करायची नाही, फक्त दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवा. सोड्याची पुडी रोज नको: गॅसने पोट फुगतं आणि बीपीवाल्यांना त्यातलं सोडियम नको असतं.

नेरुळ_फिजिओ
तुमच्या पलंगाला उतरती गादी हाच उपाय. गादीवाल्याकडून दाट फोमचा तिरपा तुकडा कापून घ्या: डोक्याकडे ८ इंच उंच, लांबी ३० इंच, कमरेपाशी शून्य. कंबरेपासून वरचं सगळं अंग उतारावर आलं पाहिजे. दोन-तीन उशा रचल्या तर फक्त मान वर जाते, पोट दुमडतं, दाब वाढतो. खाली घसरत असतील तर गुडघ्यांखाली पातळ उशी. झोपायचं डाव्या कुशीवर. तसं जठर अन्ननलिकेच्या खाली राहतं.

वाकून फरशी पुसणं बंद, लांब दांड्याचा मॉप घ्या. विळीऐवजी ओट्यावर चाकू. भरलेली बादली उचलायची नाही. कपालभाती, भस्त्रिका, हलासन, सर्वांगासन नको. पोटाने सावकाश श्वास मात्र जरूर: टेकून बसून, पोट रिकामं असताना, १०-१० मिनिटं दोनदा.

आणि बाबांसाठी थांबणं सोडा. आईंनी साडेसातला जेवायचं, साडेदहाला झोपायचं. तीन तासांचं अंतर बाकी सगळ्या पथ्यांपेक्षा जास्त काम करतं. जेवल्यावर आडवं न होता शतपावली, जवळ राहत असाल तर ठाण्याच्या तलावपाळीला सावकाश एक फेरी.

पोटोबा
ऑपरेशनबद्दल: ३ सेमी, स्लायडिंग, गोळीने आराम, एवढ्यावर कोणी घाई केली तर दुसरं मत घ्या. गोळ्या नीट घेऊनही अन्न वर येत असेल, हर्निया मोठा असेल किंवा त्यातल्या जखमांमुळे हिमोग्लोबिन घटत असेल तर विचार होतो. दुर्बिणीतून जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळतात, पूर्ण ३६० अंश किंवा २७०. त्याआधी मॅनोमेट्री (अन्ननलिका किती जोराने अन्न ढकलते ते) आणि २४ तासांची पीएच तपासणी (आम्ल किती वर येतं ते) हवी. अन्ननलिका अन्न ढकलायला दुबळी असेल आणि पूर्ण गुंडाळी केली तर घास अडकतो. ढेकर नीट न येणं, पोट फुगणं हेही आधी विचारून घ्या.

कळव्याच्या ठाणे महापालिका रुग्णालयात सर्जरी ओपीडी आहे. या दोन तपासण्या तिथे होतात का, हे जायच्या आधी विचारा.

घास अडकणं, काळी शौच, वजन घटणं यात थांबू नका. छातीत किंवा पोटात प्रचंड कळ आणि नुसत्या कोरड्या ओकाऱ्या आल्या तर १०८. घाम सुटून छाती दाबल्यासारखी झाली तरी १०८, 'अ‍ॅसिडिटीच असेल' म्हणत बसू नका.

घोडबंदरकर
गादीवाल्याला माप दिलं. एक राहिलं: सोमवारचा उपवास चालेल?

गोळी_वेळेवर
चालेल, पण दिवसभर काही नाही आणि रात्री ताटभर साबुदाणा खिचडी असा नको. तेल, दाण्याचं कूट, मिरची आणि उशीर, चारही एकदम. वरीचा भात, उकडलेलं रताळं, केळं असं थोडं थोडं चार वेळा. सकाळची गोळी पाण्याबरोबर घ्यायचीच, तिने उपवास मोडत नाही.