‘जानी’वाल्या राजकुमारमध्ये नेमकं बघायचं काय?

कट_वेगळा_द्या: परवा तालमीत वर्गणीची मीटिंग होती. ती पाच मिनिटांत उरकली आणि मोठ्या मंडळींनी टीव्हीवर ‘तिरंगा’ लावला. मी २४ वर्षांचा, पहिल्यांदाच बघितला. व्हिलन मिसाईल सोडायला निघालाय आणि आपले ब्रिगेडियर सूर्यदेव सिंग, म्हणजे हीरो राजकुमार, शांतपणे सांगतात की त्यातले फ्यूज कंडक्टर मी आधीच काढून घेतलेत. जणू फ्लॅटचा मेन स्विच काढून खिशात घातला! मी हसून लोळलो. पन्नाशीच्या पुढचे सगळे माझ्याकडं असं बघायला लागले की बस. त्यांना एकेक डायलॉग पाठ. हे विनोदी समजायचं की सीरियस? जाणकारांनी सांगा.

पेठेतला_टेलर: भावा, हसलास त्यात चूक काय न्हाई. आम्ही बी हसतोय, पण टोपी काढून हसतोय.

गड्याचं खरं नाव कुलभूषण पंडित. जन्म पार तिकडं बलुचिस्तानात, लोरालाईला. सिनेमात यायच्या आधी मुंबई पोलिसात सब-इन्स्पेक्टर. ती फौजदारकी अंगातनं कधी गेलीच न्हाई. हिरॉईन असू दे, आई असू दे न्हाईतर व्हिलन, समोरच्याकडं बघायचा ते ‘काल रात्री कुठं होतास?’ असंच.

पण तू उलट्या टोकानं सुरुवात केलीस. आधी ‘मदर इंडिया’ बघ, १९५७ चा. गरीब शेतकरी, दगडाखाली दोन्ही हात जातात आणि लाजेनं घर सोडून जातो. तोरा न्हाई, त्याचा तो नेहमीचा ‘जानी’ शब्द न्हाई. मग १९६३ चा ‘दिल एक मंदिर’. कॅन्सरचा पेशंट, बायको मीनाकुमारी आणि ऑपरेशन करणारा डॉक्टर तिचा जुना प्रेमी. बराचसा सिनेमा कॉटवर पडून काढलाय बाबानं, आणि रडवलंय. म्हणजे ॲक्टिंग येत होती. नंतर ठेवली बाजूला, एवढंच.

१९६५ च्या ‘वक्त’मध्ये त्याला त्याचं माप गावलं. भूकंपात तीन भाऊ हरवतात, त्यातला हा चोर होतो. चोर, पण रुबाब जहागीरदाराचा. वाक्यात आपण जिथं श्वास घेतो तिथं हा माणूस मुक्काम करायचा. तेवढ्यात पब्लिक शिट्ट्या मारून घ्यायचं. पुढं तीस वर्षं कापड कुठलं बी येऊ दे, कट तोच.

‘तिरंगा’त शेजारी नाना पाटेकर. नाना म्हणजे चालू शिलाई मशीन, थांबतच न्हाई. राजकुमार म्हणजे कात्री. एकदाच चालते, पण कापड दोन तुकडे. १९९३ साली वय ६६ होतं, पळायचा प्रश्नच नव्हता. व्हिलनच त्याच्याकडं चालत येणार.

आता माझी फजिती. त्याचे पांढरे बूट फेमस. मी पहिल्या पगारात महाद्वार रोडवरनं तसलेच घेतले आणि ऐन पावसाळ्यात घालून रंकाळ्यावर गेलो. येताना एका वरातीच्या कडंनं चाललो होतो, तर एक म्हातारा दंड धरून म्हणतोय, “अरं, क्लॅरनेट कुठं ठेवलास? पुढं हो की!” बूट त्याच रात्री माळ्यावर गेले.

शाहूपुरीची_सून: टेलरभाऊ, ‘पाकीजा’ विसरलात! झोपलेल्या बाईचे पाय बघून चिठ्ठी ठेवून जातो, पाय खाली ठेवू नका, मळतील. आमच्या ह्यांनी लग्नानंतर तेच वाक्य मला ऐकवलं. म्हटलं, बरं, मग आजपासून फरशी तुम्ही पुसा. परत काही बोलले नाहीत.

आणि ‘हीर रांझा’? १९७० चा. अख्ख्या सिनेमाचे संवाद पद्यात, कैफी आझमींचे. राजकुमारना काय, ते पाणी मागतानाही कविता म्हटल्यासारखंच मागायचे.

नुसता_वाचक: त्यांनी कुणाकुणाचा तोंडावर कसा अपमान केला याचे फॉरवर्ड येतात, ते खरे का?

पेठेतला_टेलर: निम्मे लोकांनी पदरचे घातलेत. कुणी बी कुणाला काय बी खवचट बोललं की नाव राजकुमारचं लावायचं. त्याला त्याची जाहिरात फुकटात झाली, त्यानं बी कशाला नाकारावं?

मला त्याच्यापेक्षा शेवट खरा वाटतो. ३ जुलै १९९६ ला गेला, घशाच्या कॅन्सरनं. ज्या गळ्यावर सगळा संसार, तोच गेला. घरच्यांना सांगून ठेवलेलं, सगळं उरकल्यावरच बाहेर कळवा. एन्ट्रीला एवढा वेळ घेणारा माणूस, जाताना पब्लिकच ठेवलं न्हाई त्यानं.

आम्हाला दुकानात पेपरात वाचून कळलं. मालक काय बोलले न्हाईत, नुसती मशीन बंद केली थोडा वेळ.

कट_वेगळा_द्या: काका, ‘दिल एक मंदिर’ बघायला घेतलाय. अर्ध्या तासात एकदाही हसलो नाही. ते बूट अजून आहेत का माळ्यावर?

पेठेतला_टेलर: हाईत. सात नंबर. पाय बसत असतील तर घेऊन जा, पण वरातीच्या कडंनं जाऊ नकोस.