मदत हवी आहे: मैदानात पाणी साचतं, उतार कुठे द्यावा?

गावचं मैदान लहान. व्हॉलीबॉलचं कोर्ट १८ बाय ९ मीटर, भोवती ३ मीटर मोकळी जागा सोडली की फारसं काही उरत नाही. एका बाजूला शेताचा उंच बांध, समोर रस्ता. पाऊस थांबून ऊन पडलं तरी मागच्या रेषेजवळ बूट रुततो. मुरूम टाकून रोलर फिरवला. जमीन टणक झाली, पण आता पाणी मुरतच नाही. बांधालगत चर खणला तर जुन्या झाडांची मुळं तुटतील, ते नको. रस्त्यावर पाणी सोडता येत नाही. एका कोपऱ्यात शोषखड्डा घेता येईल, पण खाली काळी माती, म्हणून शंकाच आहे. नियमाने उघड्यावरच्या कोर्टला मीटरमागे ५ मिमी उतार चालतो. तो मधून दोन्हीकडे द्यावा की सगळा कोपऱ्याकडेच? आणि काळ्या मातीत शोषखड्डा कुणाचा टिकलाय का?