तरुण पोरं देऊन छत्तिशीतला ड्युरंट आणला, ह्यूस्टनने बरोबर केलं का?

पहाटपाळी_सोलापूर

नमस्कार मंडळी, मी सोलापूरचा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. रात्रपाळी संपली की सकाळी मोबाईलवर एनबीए, म्हणजे अमेरिकेची बास्केटबॉल लीग लावतो, तिकडं रात्र असते म्हणून आपल्याकडं लाइव्ह मॅच पहाटे सुरू होते ते आठ-साडेआठपर्यंत चालते, माझ्या वेळेला बरोबर बसतं. याओ मिंग होता तेव्हापासून ह्यूस्टन रॉकेट्स आपली टीम. आमचा स्टार जेम्स हार्डन टीम सोडून गेल्यावर जे दिवस काढले ते आमचं आम्हाला माहिती, एका सीझनला १७ मॅच जिंकल्या, पुढच्याला २०, मग २२, तरी रोज बघत होतो कारण पोरं वाढत होती. जालेन ग्रीन २०२१ च्या ड्राफ्टमध्ये (टीम ओळीने नवीन पोरं निवडतात तो, हरणाऱ्या टीमचा नंबर साधारण आधी) दोन नंबरला घेतलेला, शेनगून, जबारी स्मिथ, मग आमेन थॉम्पसन. आणि २०२४-२५ ला एकदम ५२ मॅच जिंकून वेस्टमध्ये, म्हणजे लीगच्या पश्चिम गटात दुसरे आलो, मी कारखान्यात पेढे वाटले होते.

मग प्लेऑफच्या (सीझननंतरच्या बाद फेरीच्या) पहिल्याच राउंडला वॉरियर्सनी सात मॅचमध्ये घरी पाठवलं. ग्रीनने एका मॅचला ३८ मारले आणि बाकीच्या सहा मॅचमध्ये त्याचा हात चाललाच नाही हे खरंय, पण पोरगं २३ चं आहे हो, अख्ख्या सीझनमध्ये ८२ च्या ८२ मॅच खेळलं. आणि आता, २०२५ च्या उन्हाळ्यात, त्याला, डिलन ब्रूक्सला, शिवाय दहा नंबरचा ड्राफ्ट पिक (ड्राफ्टमध्ये त्या नंबरला पोरगा निवडायचा हक्क) आणि पाच सेकंड राउंडचे पिक देऊन फीनिक्सकडून केविन ड्युरंट आणला. ड्युरंट माझा पण आवडता आहे, अजून मॅचला २६ च्या वर पॉइंट काढतो, पण तो ३६ चा आहे, सप्टेंबरमध्ये ३७ होईल, आणि २०१९ ला त्याची टाचेवरची शीर (अकिलीस) तुटली होती तेव्हा पुढचा अख्खा सीझन बाहेर होता.

धाकटा भाऊ म्हणतो झक्कास सौदा, मला मात्र चार वर्षं पाणी घातलेलं झाड फळ धरायच्या वर्षी तोडल्यासारखं वाटतंय. तुम्ही लोक इतकी वर्षं बघताय, असला सौदा कधी फळतो आणि कधी बुडवतो? मनापासून विचारतोय, दोन रात्री नीट झोप नाही.

हिरवी_जर्सी

दादा, हा प्रश्न आम्हा बॉस्टनवाल्यांना विचारायचा, कारण आम्ही हा सौदा दोन्ही बाजूंनी केलाय आणि दोन्ही वेळेला माणूस एकच होता, केविन गार्नेट.

२००७ ला आमची टीम २४ मॅच जिंकून तळाला होती. मिनेसोटाला पाच खेळाडू आणि दोन फर्स्ट राउंड पिक दिले, त्या पाचात अल जेफरसन होता जो तेव्हा आमचं भविष्य समजला जायचा, आणि बदल्यात एकटा गार्नेट घेतला. त्याच्या आधी ड्राफ्टचा पाच नंबरचा पिक वापरून सिॲटलकडून रे ॲलन आणला होता. पॉल पिअर्स घरचाच. तिघं तिशीच्या आसपासचे. पुढच्या सीझनला २४ च्या ६६ झाल्या आणि २००८ ला चॅम्पियन. पण लोक एक विसरतात, त्या सौद्यात राजॉन रोंडो दिला नव्हता! २१ वर्षांचा पोरगा पॉइंट गार्डला ठेवला, मध्ये पर्किन्स ठेवला. म्हणजे म्हाताऱ्यांच्या पायात जे राहिलं नव्हतं ते पळायला घरात पोरं होती.

आता उलटी बाजू. २०१३ ला तोच गार्नेट ३७ चा, पिअर्स ३५ चा, आणि ब्रुकलिन नेट्सच्या मालकाला लगेच ट्रॉफी पाहिजे होती. त्यांनी आम्हाला २०१४, २०१६, २०१८ चे फर्स्ट राउंड पिक दिले आणि वर २०१७ ला पिकची अदलाबदल करायचा हक्क दिला, कुठलीही अट नाही, म्हणजे टीम तळाला गेली तरी पिक आमचाच. त्यांना वाटलं असणार आपण वर राहू, पिक पंचविसावा-सव्विसावा जाईल, कोण विचारतो. झालं काय, त्या वर्षी ४४ जिंकले, टोरोंटोला कसंबसं सात मॅचमध्ये हरवलं, मायामीने पुढच्या राउंडला ४-१ ने संपवलं. पिअर्स एका वर्षात गेला, गार्नेट दीड वर्षात. मग २१ विजय, मग २० विजय, आणि एवढं हरून हातात पिक नाही कारण पिक बॉस्टनकडे. २०१६ च्या पिकवर आम्ही जेलन ब्राउन घेतला. २०१७ ला त्यांचा पिक थेट पहिला आला, आम्ही तो फिलाडेल्फियाला देऊन तीन नंबरवर उतरलो, वर अजून एक पिक घेतला आणि जेसन टेटम उचलला. आणि लक्षात घ्या, त्या सीझनला आम्ही स्वतः ५३ मॅच जिंकून ईस्टमध्ये पहिले होतो, पहिल्या नंबरच्या टीमच्या हातात पहिला पिक! २०२४ ला ह्याच दोघांनी चॅम्पियनशिप आणली, ब्राउन फायनल्सचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू. मी त्या दिवशी सकाळी बायकोला उठवून रडलो होतो.

तर दादा तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर, ड्युरंटचं वय नका बघू, सौदा झाल्यावर घरात कोण उरलंय ते बघा. शेनगून २२ चा आणि ऑल-स्टार (लीगच्या निवडक खेळाडूंच्या मॅचला निवडलेला), आमेन लीगच्या सर्वोत्तम डिफेन्सवाल्यांच्या पहिल्या टीममध्ये, जबारी आहे, शेपर्ड आहे. ब्रुकलिनकडे त्या दिवशी अशी तरुण पोरांची फळी नव्हती. तुमचं झाड तोडलेलं नाही, एक फांदी दिलीय.

कोबे_आठ_चोवीस

भावा झोप निवांत. ट्रॉफी दिसली की घ्यायची, बाकी सगळं नंतर. आमच्या लेकर्सनी २०१९ ला लॉन्झो बॉल दिला, ब्रँडन इनग्रम दिला, हे दोघं पण ड्राफ्टला दोन नंबरचे होते बरं का, जॉश हार्ट दिला, तीन फर्स्ट राउंड पिक दिले त्यात त्या वर्षीचा चार नंबरचा. आणि ॲन्थनी डेव्हिस आला. सगळे म्हणत होते जास्त दिलं. पुढच्या वर्षी इनग्रम ऑल-स्टार झाला, मोस्ट इम्प्रूव्हडचं, म्हणजे सगळ्यात जास्त सुधारलेल्या खेळाडूचं बक्षीस मिळालं, आम्हाला आनंदच झाला त्याचा, कारण २०२० ला आम्ही चॅम्पियन होतो. त्याच वर्षी जानेवारीत आमचा कोबे ब्रायंट वारला होता. ती ट्रॉफी कुठल्या पिकच्या बदल्यात परत देशील? मी तर नाही देणार.

टोरोंटोचं बघ. डीरोझन त्यांचा लाडका, नऊ सीझन त्यांच्याकडेच खेळला, त्याला काढून क्वाय लेनर्ड आणला, तो एकच वर्ष राहिला आणि गेला निघून, पण २०१९ ला त्यांची इतिहासातली पहिली चॅम्पियनशिप आली. तिथल्या कुणालाही विचार, परत करशील का म्हणून.

हां, पण एक म्हणतो, डेव्हिस तेव्हा २६ चा होता. हा फरक मोठा आहे. डॅलसने त्याच डेव्हिससाठी लुका डॉन्चिच आम्हाला दिला तेव्हा डेव्हिस ३१ चा आणि लुका २५ चा, वर्षभर आधी लुकाने त्यांना फायनलला नेलेलं. डेव्हिस पहिल्याच मॅचमध्ये जखमी झाला. माझा फायदा झाला तरी डॅलसच्या लोकांचं मला खरंच वाईट वाटलं, २५ वर्षांचा असा पोरगा कुणी देतं का.

हिशेब_पक्का

कोबेभाऊ, टोरोंटो आणि लेकर्स सांगितलंत, क्लिपर्स का सोडले? तेच २०१९, तोच उन्हाळा. क्वायला जोडीला पॉल जॉर्ज पाहिजे होता म्हणून ओक्लाहोमाला पाच फर्स्ट राउंड पिक, दोन अदलाबदली, गॅलिनारी आणि शे गिल्जस-अलेक्झांडर. शे तेव्हा एकच सीझन खेळलेला, २१ चा पण पुरता झाला नव्हता. त्या जोडीसोबत क्लिपर्स एकदाच कॉन्फरन्स फायनलला (आपल्या गटाच्या फायनलला) पोचले, फायनल कधीच नाही, आणि २०२४ ला जॉर्ज करार संपून मोकळा झाला (फ्री एजंट) आणि फिलाडेल्फियाला गेला, बदल्यात शून्य. तिकडं शे २०२५ चा एमव्हीपी, फायनल्सचा पण एमव्हीपी, आणि क्लिपर्सच्याच पिकवर बारा नंबरला घेतलेल्या जेलन विल्यम्सने फायनलच्या पाचव्या मॅचला ४० मारले. एका सौद्यातून चॅम्पियन टीमचे दोन खांब.

पहाटपाळी दादा, एक गोष्ट समजून घ्या म्हणजे जालेनचं दुःख जरा कमी होईल. एनबीएमध्ये कॅपच्या (टीमच्या एकूण पगाराच्या ठरलेल्या मर्यादेच्या) वर असलेल्या टीमला पगाराला पगार जुळवावा लागतो, नुसतं हा दिला तो घेतला चालत नाही. ड्युरंटचा पुढच्या सीझनचा पगार साधारण साडेपाच कोटी डॉलर. ग्रीनचा नवीन करार सव्वातीन कोटींच्या वर, ब्रूक्सचा दोन कोटींच्या वर, बेरीज करून बघा. म्हणजे शेनगून-आमेनला हात न लावता ड्युरंट आणायचा तर हेच दोघं जाणार होते, दुसरा रस्ता अवघड होता. रूकी करारावरची, म्हणजे ड्राफ्टमधून आल्यावरच्या पहिल्या करारावरची पोरं स्वस्त असतात, चार वर्षं कमी पगारात खेळतात, म्हणून तर सगळे पिकच्या मागं असतात, आणि ग्रीन त्या स्वस्ताईतून बाहेर पडला होता.

आणि ब्रुकलिनला एक वर्षाआड पिक का द्यावे लागले, २०१४, १६, १८? कारण सलग दोन वर्षांचे पुढचे फर्स्ट राउंड पिक विकायला बंदी आहे. टेड स्टेपियन नावाचा क्लीव्हलँडचा मालक होता, १९८० च्या सुरुवातीला त्याने पिक असे वाटले की लीगला नियमच करावा लागला, आजही त्याच्याच नावाने ओळखतात. मधल्या २०१७ ला अदलाबदलीचा हक्क घेतला तो त्याच नियमातून काढलेली वाट.

मैदानावरचे_सर

मी सोलापुरातच तीस-एक वर्षं शाळेत पीटी शिकवली, आता रिटायर आहे, संध्याकाळी पोरांना बास्केटबॉल शिकवतो. एनबीए तुमच्याएवढं बघत नाही, नातू दाखवतो तेवढंच. पण पोरं आणि सीनियर हा विषय निघाला म्हणून लिहितो.

बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या इथल्या एका क्लबने जिल्ह्याची स्पर्धा जिंकायची म्हणून बाहेरगावचे चार सीनियर आणले, चांगले खेळाडू होते, राज्य पातळीवर खेळलेले. मी तेव्हा त्या क्लबची पंधरा-सोळा वर्षांची पोरं तयार करत होतो, सकाळी पाचला यायची, त्यातली दोन-तीन विडी कामगारांच्या घरची, एक यंत्रमागवाल्याचा, फाटक्या बुटात पळायची. स्पर्धेत ती सगळी बेंचवर. एक मिनिट सुद्धा उतरवली नाहीत. कप आला, फोटो निघाला, सीनियर आपापल्या गावी गेले. पुढच्या मोसमाला मी शिट्टी मारली तर ग्राउंडवर तिघंच. एकाच्या घरी जाऊन विचारलं का येत नाहीस रे, तर म्हणाला सर, आमची गरज नाही ना. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. तो क्लब नंतर दोन वर्षांत बंद पडला.

ह्याच्या उलट पण बघितलंय म्हणून सीनियर नकोच असं मी म्हणत नाही. एक वयस्कर खेळाडू बदली होऊन सोलापूरला आला होता, रेल्वेत होता, गुडघे गेलेले, मॅचला दहा मिनिटंच खेळायचा, पण रोज संध्याकाळी पोरांना बॉल पोचायच्या आधी पाय कसा लावायचा, अंगावर आलेल्या माणसाला खांद्याने कसं थोपवायचं हे शिकवायचा. माझ्या दोन वर्षांच्या शिकवण्यात जे झालं नाही ते त्याच्याकडून सहा महिन्यांत झालं. त्याचं ऐकताना पोरांचे डोळेच वेगळे असायचे.

म्हणून मला तुमच्या ह्यूस्टनबद्दल एवढंच विचारायचंय, तो शेपर्ड का कोण ड्राफ्टमधला तीन नंबरचा पोरगा आहे, त्याला खेळायला मिळणार का? ड्युरंट गेल्या सीझनला ६२ मॅच खेळला असं नातू सांगतो. उरलेल्या वीस मॅच कोण खेळलं? ती मिनिटं पोरांना द्या, आणि प्रॅक्टिसला ड्युरंटच्या शेजारी उभं करा. नाहीतर दोन वर्षांनी तो जाईल आणि पोरं आतून विझलेली असतील.

कोबे_आठ_चोवीस

सर तुमचं वाचून गप्प झालो. तरी ट्रॉफीचं माझं मत तेच आहे, पण मिनिटांचा मुद्दा शंभर टक्के.

पहाटपाळी_सोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार, रात्री पाळीवर जेवणाच्या सुट्टीत सगळं दोनदा वाचलं. हिरवी जर्सी भाऊ, उरलंय कोण ते बघा हे पटलं. आमच्या कारखान्यात पण तेच झालं होतं, नवीन रेपियर लूम (आधुनिक माग) आले तेव्हा इचलकरंजीहून जुना जॉबर, म्हणजे माग लावणारा मिस्त्री आणला, पगार आमच्या दुप्पट, सगळे कुरकुरले, पण शेठने शिकाऊ पोरं काढली नाहीत, त्याच्या हाताखाली दिली, आज तो जॉबर गावी गेलाय आणि तीच पोरं लूम लावतात. ती जर तेव्हा काढली असती तर आज मशीन बंद पडल्यावर कुणाला बोलवलं असतं.

जालेनसाठी अजून वाईट वाटतंच. फीनिक्समध्ये चांगला खेळू दे, त्याची मॅच पण बघणार. आणि पगाराचं गणित मला खरंच माहिती नव्हतं, भावाला सांगितलं तर म्हणतो मी तेच तर म्हणत होतो, जे की तो म्हणत नव्हता.

सर, तुम्ही संध्याकाळी किती वाजता ग्राउंडवर असता? माझा पुतण्या चौदाचा आहे, उंची चांगली आहे, दिवसभर मोबाईलवर हायलाइट बघतो पण अजून हातात बॉल धरलेला नाही. घेऊन येऊ का?

मैदानावरचे_सर

साडेपाच ते साडेसात, रोज, रविवारी पण. बूट नसले तरी घेऊन या. पाऊस झाला की कोर्टवर पाणी साठतं, तेव्हा आधी सगळे मिळून पाणी काढतो मग खेळतो, म्हणून त्याला जुनी पँट घालून पाठवा.