जुनी बोट घ्यायची आहे : 14 फुटी की 18 फुटी?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. मी नागपूरचा. लहान भाऊ गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात मासेमारी करतो, त्याला जुनी फायबरची बोट घेऊन द्यायची आहे. दोन पाहून ठेवल्यात.

14 फुटी हलकी आहे, दोघं मिळून काठावर ओढतात, वल्ह्यांवरही चालते. पण वैनगंगेवरचं ते धरण म्हणजे आपला नागपूरचा फुटाळा तलाव नव्हे. वारा सुटला की लाटा उठतात, आणि जाळी, बर्फाची पेटी, दोन माणसं एवढ्यातच ती बरीच खाली बसते.

18 फुटी भक्कम वाटते, सोबत टू-स्ट्रोक मोटरही मिळतेय. मात्र मोटर जिच्यावर बसते ती मागची फळी एका कोपऱ्यात अंगठ्याने दाबली तर दबते, ठोकली तर बद्द आवाज येतो. आतलं प्लायवुड कुजलं असेल काय? नेमका तिथेच ताजा रंग मारलाय, त्यामुळे शंका जास्त येते.

अशी फळी बदलून घेणं परवडतं का? विदर्भात फायबरचं हे काम नीट कोण करतं? माझा कल मोठीकडेच आहे, पण भावाच्या जिवाचा प्रश्न आहे. पैसे देण्याआधी पाण्यात उतरवून काय काय तपासू, तेही जाणकारांनी सांगा.