ॲम्ब्युलन्समध्ये जीपीएस आणि डॅशकॅम लावतो म्हटलं तर ड्रायव्हर नाराज, काय करू?

मानेवाडा_रोड
नमस्कार मंडळी. नागपुरात माझ्या पाच ॲम्ब्युलन्स आहेत, तीन ट्रॅव्हलर आणि दोन ईको. जास्त कॉल बुटीबोरी, हिंगणा एमआयडीसी आणि उमरेड रोडचे. पेशंट मेडिकलला (सरकारी दवाखाना), नाहीतर धंतोली-रामदासपेठेतल्या खासगी दवाखान्यांत.

मागच्या महिन्यात एका पेशंटचे नातेवाईक अंगावर आले. म्हणे गाडी अर्धा तास उशिरा आली, ड्रायव्हर रस्त्यात चहा पीत बसला होता. ड्रायव्हर म्हणतो, फोन ठेवला अन् निघालो. माझ्याकडे दाखवायला काय होतं? मोबाइलमधली कॉलची वेळ आणि त्याचा शब्द. त्याच आठवड्यात अजनी चौकात एका बाईकवाल्याने दुसऱ्या गाडीचा आरसा उडवला आणि वरून गर्दी जमवून आमच्याच पोराला दमदाटी केली. आत पेशंट होता!

म्हणून सगळ्या गाड्यांना गाडी कुठे आहे ते दाखवणारा ट्रॅकर आणि समोरचा रस्ता टिपणारा कॅमेरा लावायचं ठरवलं. तर वडिलांच्या वेळचे आमचे ड्रायव्हर काका, त्यांनी चाबी टेबलावर ठेवली. "भरोसा नसन तं घे." दुसरं काहीच बोलले नाहीत. बाकीचेही त्यांच्याकडे पाहून गप्प.

काय घ्यावं, कुठे लावावं, आणि पेशंटच्या बाजूला कॅमेरा ठेवावा का? ज्यांनी वापरला त्यांनीच सांगा.

सायरन_भाऊ
चौदा वर्षं झाले हेच काम करून राहिलो. तुमचे काका काही चुकीचे नाही भाऊ. आमच्या मालकानं पहिले स्पीडचा अलार्म लावला. ८०च्या वर गेलं का कॅबिनमंधी पीं पीं. मांगं पेशंट, वरतं सायरन, त्याच्यात हे पीं पीं. तिसऱ्या दिवशी मीच वायर ओढली, खोटं कायले सांगू?

मंग जामठ्याजवळ एक कार राँग साइडनं घुसली अन् आम्हाले घासली. कारवाला मलेच म्हणे तूच घुसला. मालकानं ठाण्यात कॅमेऱ्याची क्लिप लावली, पाच मिनिटात त्याचा आवाज बंद. तवापासून मी सोता पाह्यतो का कॅमेऱ्याचा लाल लाईट चालू हाय का नाही. तुम्ही पहिली क्लिप ड्रायव्हरच्या फायद्याची काढा, मंग पाहा. अन् ते पीं पीं लावू नका बाप्पा.

वायरिंगवाला_वाडी
लिथियम बॅटरीवाला कॅमेरा घेऊ नका, सुपरकपॅसिटरवाला (बॅटरीऐवजी उष्णता सोसणारा भाग असलेला) मागा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो आणि उन्हात उभ्या गाडीच्या काचेमागे त्याच्याही कितीतरी वर. फुगलेल्या बॅटरीमुळे झाकण उघडलेले कॅमेरे दर उन्हाळ्यात माझ्याकडे येतात.

सप्लाय फ्यूजबॉक्समधून, वेगळा फ्यूज टाकून. सक्शन आणि व्हेंटिलेटरच्या इन्व्हर्टरवरून लाइन काढून देणारे आहेत, त्यांना हात लावू देऊ नका. ऑक्सिजनच्या पाइपाजवळून वायर तर नाहीच.

आणि जी-सेन्सर. धक्का बसला की कॅमेरा ती फाइल लॉक करतो, मग जुन्यावर नवीन रेकॉर्डिंग चढतं तेव्हा ती पुसली जात नाही. सेन्सर 'हाय'वर ठेवला तर प्रत्येक खड्डा लॉक होतो. एका ग्राहकाचं कार्ड उघडलं, सगळं भरलेलं, आणि सगळे खड्डेच! ज्या दिवशी खरी धडक झाली त्या दिवशीचं काहीच नाही. 'लो'वर ठेवा आणि महिन्यातून एकदा कार्ड फॉरमॅट करा.

ट्रॅकर एआयएस-१४०चा (गाड्यांच्या ट्रॅकरसाठीचं भारतीय मानक) घ्या. त्याला स्वतःची बॅटरी असते, आणि रेंज गेली तर नोंदी साठवून नंतर पाठवतो. फक्त वर्धा रोडच्या डबलडेकरखालून जाताना (३.१४ किलोमीटरचं ते बांधकाम, खाली रस्ता, त्यावर पूल, त्याच्याही वर मेट्रो) नकाशावरचा ठिपका उड्या मारतो. गाडी सिग्नलला उभी असते आणि स्क्रीनवर बाजूच्या गल्लीत दिसते. तेवढ्यावरून कोणाला बोलू नका.

ईएमटी_ताई
दादा, मी गाडीत मागे पेशंटसोबत असते. पेशंटजवळ कॅमेरा नको. बाळंतपण होतं तिथे, कपडे कापावे लागतात. ड्रायव्हरला मागचं दिसायला हवं असेल तर नुसता छोटा स्क्रीन द्या, रेकॉर्डिंग नसलेला. समोरच्या कॅमेऱ्याचा माइकही बंद ठेवा. आमच्याकडे ब्रेकची एक क्लिप पाहायला बसलो, तर मागून एका आईचं रडणं आणि मी मोठ्याने सांगत असलेलं पेशंटचं बीपी, आजाराचं नाव, सगळं ऐकू आलं. ऑफिसात चार माणसं होती.

आणि स्पीडपेक्षा ब्रेक पाहा. मी एका हाताने सलाइन धरून, गुडघा स्ट्रेचरला टेकवून उभी असते. ७०ने एकसारखी चाललेली गाडी मला चालते, ५०ने हिसके देणारी नाही.

कोर्टाचा_माणूस
क्लिप व्हॉट्सॲपवर फिरवू नका. मूळ कार्ड काढून पाकिटात ठेवा, तारीख लिहा. पुरावा म्हणून द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३च्या कलम ६३चं (इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डसाठीचं) प्रमाणपत्र लागेल. आणि बाईकवाल्याने वाट अडवली असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम १९४-ई आहे, दहा हजार रुपये दंड.

मानेवाडा_रोड
सगळ्यांचे आभार. ट्रॅकर-कॅमेरे लावून तीन आठवडे झाले. माइक बंद, अलार्म नाही, मागे कॅमेरा नाही.

मी समजत होतो वेळ ट्रॅफिकमध्ये जातो. बुटीबोरीच्या एका कॉलचा हिशोब मांडला. फोन ते चाक हलणं ४ मिनिटं, पोचायला ३१, तिथे ९, दवाखान्यापर्यंत ३८. आणि मग दवाखान्याच्या गेटवर ४७ मिनिटं गाडी उभी! ड्रायव्हर चहाला गेला नव्हता. आत ट्रॉली रिकामी नव्हती, म्हणून पेशंट आमच्याच स्ट्रेचरवर, आणि स्ट्रेचर परत मिळाल्याशिवाय गाडी हलणार कशी? तेवढ्यात हिंगण्याचा कॉल आला तो मी सोडून दिला होता. आता ट्रॅव्हलरमध्ये एकेक फोल्डिंग स्ट्रेचर जास्तीचं टाकलं आहे.

काकांनी चाबी परत घेतली, पण अट घातली, "तुह्याबी कारले लाव." लावला, आणि ॲपचा पासवर्डही दिला. परवा सकाळी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर उभा होतो तर त्यांचा फोन. "वीस मिनिटं झाले, गाडी काहून हलून नाही राहिली?"